मदत हवी आहे: गालाचं हाड जुळलं, बधिरपणा जाईना

नमस्कार मंडळी. 2021च्या पावसाळ्यात सिंहगड रोडवर गाडी घसरली आणि डाव्या गालाचं हाड मोडलं. (हेल्मेट होतं, पण पुढून उघडं. असो.) ऑपरेशन करून टायटॅनियमच्या दोन पट्ट्या बसवल्या. हाड व्यवस्थित जुळलंय.

पण डोळ्याखालून वरच्या ओठापर्यंतचा भाग अजून बधिर आहे. दाढी करताना ब्लेड लागलं तरी कळत नाही, रक्त दिसल्यावर समजतं. चहाचा ओघळ आला की बायको खुणावते. वरचे दात तर उसने आणल्यासारखे वाटतात. डोळ्याखालून जाणारी नस दुखावली होती, ती सावकाश सुधारते, असं डॉक्टर म्हणाले होते. सावकाश म्हणजे किती हो?

शिवाय थंडीत पहाटे पर्वती चढताना गार वाऱ्याने पट्टीच्या जागी ठणका लागतो. बोटाने चाचपलं तर तिची कड लागते.

इतक्या वर्षांनी कुणाची संवेदना परत आलीय का? पट्ट्या काढल्यावर ठणका थांबला का? आणि आधी कुणाला दाखवू, तोंड-जबड्याच्या सर्जनना की न्यूरोलॉजिस्टना? एकाचे दोन दिसत नाहीत, तोंडही पूर्ण उघडतं.

लेप सुचवू नका प्लीज, मावशीने सगळे लावून झालेत.