डीव्हीडी रायटरचा लाल लेझर डायोड: एलएम३१७ वर ५ व्होल्टला करंट कमी, ९ व्होल्टला डायोडच गेला?

सोल्डरधूर

जुन्या डीव्हीडी रायटरमधून काढलेला लाल डायोड (६५० नॅनोमीटरच्या आसपास, ५.६ मिमीची डबी) १५० मिलिअँपिअरवर चालवायचा आहे. ड्रायव्हर नेहमीचाच: एलएम३१७ (रेग्युलेटर आयसी), आउट आणि अ‍ॅडजस्ट यांच्यामध्ये ८.२ ओहम, लोड अ‍ॅडजस्टच्या टोकावरून ग्राउंडला. लोडला समांतर ४७ मायक्रोफॅरड. डमी लोड (चाचणीपुरता लेझरच्या जागी लावलेला) म्हणून १एन४००७ चे चार डायोड आणि १ ओहम, सगळे सिरीजमध्ये.

५ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर १ ओहमवर जेमतेम ७२ मिलिव्होल्ट मिळतात. ९ व्होल्टवर १५२, म्हणजे हिशेबाप्रमाणे. मग सप्लाय चालू ठेवूनच क्लिपा डमीवरून काढून लेझरला लावल्या. क्षणभर लख्ख ठिपका आला आणि नंतर नुसता मंद लाल उजेड. ८.२ ओहमवर अजूनही १.२५ व्होल्ट आहेत, म्हणजे करंट बरोबर जातोय.

५ व्होल्टवर करंट कमी का? करंट बांधलेला असताना डायोड जातो कसा? आणि दुसरा डायोड शिल्लक आहे, त्याच्यासाठी पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाकून करंट कमी-जास्त करता येईल का?

ओहमवाला

५ व्होल्टचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ७२ मिलिअँपिअर गुणिले ८.२ ओहम म्हणजे ०.५९ व्होल्ट. एलएम३१७ करंट सांभाळत असेल तर तिथे १.२५ च्या आसपास दिसायलाच हवेत. त्याहून कमी दिसले की आयसी नियंत्रण करत नाहीये, जेवढं जातंय तेवढं सोडतोय, एवढंच समजायचं.

हिशेब करा: लेझरला साधारण २.६, रेझिस्टरला १.२५, आयसीला स्वतःला या करंटवर पावणेदोन धरा. बेरीज ५.६. म्हणजे ५ व्होल्टवर हे सर्किट चालणारच नाही. ७ ते ९ व्होल्ट द्या. लिथियम-आयनचे दोन सेल सिरीजमध्ये छान बसतात, भरलेले ८.४ आणि उतरले तरी ६. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी नको, १५० मिलिअँपिअर ओढले की तिचा व्होल्टेज लगेच बसतो.

९ व्होल्टवर आयसीमध्ये (९ − १.२५ − २.६) × ०.१५, म्हणजे पाऊण वॅटच्या आसपास उष्णता होते. टीओ-२२० पॅकेज (आयसीची धातूच्या टॅबची डबी) हीटसिंकशिवायही तग धरतं, पण हात लावण्याजोगं राहत नाही. रेझिस्टरवर ०.१९ वॅट, तिथे पाव वॅटचा चालवू नका, अर्धा वॅट लावा.

मोजूनमापून

डायोड गेलाय. खात्री करायची तर लेन्स लावून भिंतीवर प्रकाश पाडा. जिवंत लेझरच्या ठिपक्यात दाणेदार चमचम दिसते आणि तो फोकस होऊन बारीक होतो. तुमच्याकडे गुळगुळीत लाल डाग दिसेल, कितीही फोकस केला तरी पसरटच. आतल्या चिपचा आरसा जळला की ती फक्त एलईडी उरते. करंट मात्र पहिल्यासारखाच वाहतो, म्हणून मीटर काहीच सांगत नाही.

मारेकरी तो ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. क्लिप सुटली की लोड नाही, म्हणून एलएम३१७ आउटपुट चढवत नेतो आणि कपॅसिटर ७-८ व्होल्टपर्यंत भरतो. पुढे लेझर टेकवला की तो सगळा साठा थेट डायोडमध्ये. त्या वाटेवर ८.२ ओहम नाहीच, वायर आणि डायोडचा स्वतःचा मिळून दोन-चार ओहम रोध. एका अँपिअरच्या वरचा झटका बसतो, शंभर-दोनशे मायक्रोसेकंद टिकतो. आरसा जळायला त्याहून कितीतरी कमी वेळ पुरतो.

तेव्हा दुसऱ्या डायोडसाठी क्रम असा. सप्लाय बंद. कपॅसिटरची टोकं १०० ओहमने शॉर्ट करून मीटरवर शून्य बघा. लेझरच्या पायांना तांब्याची बारीक तार गुंडाळून ते एकत्र ठेवा, सोल्डर करा, मग तार सोडवा. ही तार झाळताना स्थिर विजेपासून वाचवते. कपॅसिटरला समांतर १ किलोओहम कायमचा ठेवा, तो २-३ मिलिअँपिअर खाईल पण उरलेला चार्ज उतरवेल. लेझरला उलटा समांतर एक १एन४००७ लावा, कारण हे डायोड उलटे २ व्होल्टही जेमतेम सोसतात. स्विच नेहमी इनपुटच्या बाजूला, ड्रायव्हर आणि लेझर यांच्यामध्ये कधीच नाही. क्लिपा तर विसराच.

ओहमवाला

पॉटबद्दल: या जागी सगळा करंट पॉटमधूनच जातो. २५ ओहम, अर्ध्या वॅटच्या पॉटचा ट्रॅक १४० मिलिअँपिअरपर्यंतचाच, अर्धा वॅट हा आकडा पूर्ण ट्रॅकसाठी असतो. कमी रोधाकडे फिरवाल तसा करंट वाढतो आणि ट्रॅकचा थोडासाच तुकडा तो सोसतो. कार्बनचा असेल तर जळतोच.

त्यापेक्षा १२ ओहम पक्का ठेवा (१०४ मिलिअँपिअर) आणि सप्लाय बंद असताना त्याला समांतर रेझिस्टर जोडत जा: ३३ ओहमने १४२, २२ ने १६१, १५ ने १८७. समांतरचा एखादा जोड सुटला तर करंट कमीच होतो, हा मोठा फायदा. उलट अ‍ॅडजस्टच्या पायाचा जोड कच्चा राहिला तर आउटपुट थेट वर जातं आणि लेझर संपतो. दहा वेळा बघावा असा जोड हा एकच.

आणि १५० ला थेट उडी नको. १०४ वर दाणे दिसतात का ते पाहा. अशा डायोडचा थ्रेशोल्ड (ज्या करंटला तो खरा लेझर होतो तो) बहुधा ४० ते ७० मिलिअँपिअरच्या दरम्यान असतो, त्याच्या वर साधारण प्रत्येक मिलिअँपिअरला एक मिलिवॅट प्रकाश वाढतो.

सोल्डरधूर

समजलं. एक राहिलं: लेझरचं पितळी हाउसिंग आणि एलएम३१७ एकाच अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर कसले तर चालेल ना?

मोजूनमापून

मध्ये अभ्रकाचा (वीज अडवणारा) तुकडा घातल्याशिवाय नाही. एलएम३१७ चा टॅब म्हणजे आउट. लेझरची डबी एका पायाला जोडलेली असते, कोणत्या ते कंटिन्युइटीवर आधी तपासा. डबी निगेटिव्ह असेल तर टॅब ग्राउंडला शॉर्ट होतो, लेझर पेटत नाही, आयसी तापतो, नुकसान फारसं नाही. डबी पॉझिटिव्ह असेल तर मात्र ८.२ ओहमच शॉर्ट होतो आणि लेझरला आयसीच्या करंट लिमिटएवढा, दोन अँपिअरच्या आसपास, करंट मिळतो. अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश, दोन्ही लागतात. नुसतं अभ्रक घातलं आणि स्क्रू उघडा राहिला तर शॉर्ट तिथूनच होतो.

त्याच ड्राइव्हमध्ये ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोडही असतो, कधी वेगळा तर कधी त्याच डबीत. पाय चुकून तो पेटला तर डोळ्याला जवळजवळ काही दिसत नाही, पण डोळ्यातला पडदा तेवढाच भाजतो. दोनपैकी कोणता पेटला याची शंका असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने भिंतीवरचा ठिपका बघा, डायोडकडे कॅमेरा धरू नका. १०० मिलिअँपिअरला सुद्धा हा ५ मिलिवॅटच्या कितीतरी पुढचा, ३बी वर्गातला, म्हणजे सरळ डोळ्यात गेला तर इजा करणारा लेझर आहे. ६५० नॅनोमीटरसाठी ओडी (चष्मा प्रकाश किती अडवतो त्याचं माप) ३ किंवा वरचा चष्मा हवा, उन्हाचा गॉगल चालत नाही. बेंचवरची पकड, स्केल, घड्याळाची काच आधी बाजूला करा. सरळ किरणापेक्षा असल्या चकचकीत वस्तूंवरून आलेला किरण डोळ्यात जायची शक्यता जास्त.