इंजिन उघडताना घेतलेले शॉर्टकट: आपापले अनुभव लिहा

काल हत्यारांचा डबा आवरताना इंजिनच्या हेडचा (सिलिंडरवरचं झाकण) एक जुना बोल्ट सापडला. मधे बारीक झालेला, ओढल्यासारखा. हातात घेतला आणि सगळं आठवलं. हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं होतं, मेकॅनिक म्हणाले हेड फेसिंगला, म्हणजे सपाट करायला पाठवू, दोन दिवस लागतील. मलाच घाई. नुसतं गॅस्केट बदला म्हटलं, बोल्ट पण जुनेच लावले. तीन महिन्यांत गाडी परत गरम, कूलंट गायब. दुसऱ्यांदा हेड उतरवलं तेव्हा लेथवाल्यांनी सरळ पट्टी आडवी धरली आणि खालून फिलर गेजची (फट मोजायचं साधन) ०.१५ मिमीची पाती सरकवली. अलगद गेली. म्हणजे हेड तेवढं वाकलेलं, बऱ्याच इंजिनांना ०.०५ मिमीच्या आसपासच चालतं. ती पाती सरकताना बघून पोटात खड्डा पडला. तुमचंही लिहा, नवीन माणसांना उपयोग होईल.

पानगळ
बोल्टचं अगदी खरं. आमच्या मॅन्युअलमधे हेडचे बोल्ट आधी ४० न्यूटन मीटरला आवळायचे, मग ९० अंश फिरवायचे, मग परत ९०. असे बोल्ट मुद्दाम ताणले जातात, परत वापरायचे नसतात. आणि मधून सुरू करून बाहेर जायचं, सोडताना उलट.

शेवंता
अरेरे, दोनदा हेड. वाईट वाटलं वाचून.

खडीसाखर२
आमचं ऑइल पॅनचं (इंजिनखालचा ऑइलचा ट्रे). गॅस्केट मिळेना म्हणून सिलिकॉन थापलं भरपूर, बाहेरून एकदम छान दिसत होतं पण जास्तीचं आत पण दाबलं जातं ना, त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकले. आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकायचा, सेन्सर असेल म्हणून महिनाभर चालवली. क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) बेअरिंगं गेली. पातळ रेघ पुरते हो, खरंच पुरते.

मीरा_लिहिते
एक विचारू का, माझ्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट क्रीमसारखं दिसतंय, हेड गेलं का??

पानगळ
ताई घाबरू नका. थंडीत गाडी थोडं थोडंच चालवत असाल तर वाफ तिथे साठते. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ आहे का बघा, कूलंट कमी होतंय का बघा.

मीरा_लिहिते
डिपस्टिक स्वच्छ आहे. हुश्श. थँक्यू

वाटसरू
माझा चांगला अनुभव. टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व एका तालात ठेवणारा पट्टा) बदलला, पुल्यांवरच्या खुणा जुळल्यासारख्या वाटल्या, रात्र झालेली, सेल मारणारच होतो. वडील म्हणाले आधी पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरव. फिरवला तर मधेच कशाला तरी अडला, मऊ नाही, टणक. एक खूण चुकली होती. तसाच सेल मारला असता तर पिस्टनने व्हॉल्व वाकवले असते. आजही प्रत्येक वेळी दोन फेरे.

खडीसाखर२
वडिलांना नमस्कार सांगा 🙏

हातोडी
मी स्वतः हेच काम करतो म्हणून लिहितो. नीट करायचं आम्हालाही असतं, पण संध्याकाळी गाडी पाहिजे म्हणून माणूस समोर उभा राहतो. तरी काही गोष्टी मी सोडत नाही. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) कॅपला उतरवतानाच नंबर टाकतो, अदलाबदल झाली की बेअरिंग बसतच नाही नीट. ब्लॉकमधली बोल्टची भोकं साफ करून सुकवतो, खाली ऑइल राहिलं आणि बोल्ट आवळला तर दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. गॅस्केट खरवडायला सँडिंग डिस्क लावत नाही, ती बारीक भुकटी थेट बेअरिंगात जाते. लीक बंद करायची पावडर घरी पोचण्यापुरती ठीक, नंतर तीच रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्या बुजवते. सगळेच शॉर्टकट वाईट नसतात. इंजिन खाली न उतरवता हेड निघत असेल तर खुशाल काढा.

शेवंता
दादा भोकांचं माहीतच नव्हतं, सेव्ह केलं

वाटसरू
हातोडीदादा, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) काम झाल्यावर कसा ठेवायचा? माझा क्लिकवाला आहे, ८० वरच पडून असतो

हातोडी
स्प्रिंग ढिली होईल हो. सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्या खाली मात्र फिरवू नका.

वाटसरू
आत्ताच उठून केलं