अनुभव धागा: आगीच्या दिवसाचं गाणं आणि तुम्ही

खर्जातला_सा (धागाकर्ता)

गिटारच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहा. कुणीतरी येतो, भिंतीवरची गिटार उतरवून घेतो आणि तेच वाजवतो: डं डं डंऽ, डं डं ड-डंऽ. डीप पर्पल या रॉक बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर'. शब्द विचारलेत तर मात्र बहुतेकांची गाडी ध्रुवपदापुढे जात नाही. खरी गंमत शब्दांतच आहे, कारण हे गाणं म्हणजे चक्क पंचनामा आहे. कुठे आलो, कशासाठी आलो, आग कशी लागली, नंतर कुठे हलवलं, सगळं जसं घडलं तसं, ओळीने.

थोडक्यात सांगतो. डिसेंबर 1971. डीप पर्पल ही इंग्लिश मंडळी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या मोंत्रो गावात 'मशीन हेड' हा नवा अल्बम ध्वनिमुद्रित करायला आली. स्टुडिओ नको होता. कार्यक्रमातल्यासारखा मोकळा आवाज हवा होता, म्हणून तिथल्या कसिनोचं सभागृह ठरवलं आणि रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ, म्हणजे यंत्रांनी भरलेला ट्रक, भाड्याने आणला. कसिनो हिवाळ्यासाठी बंद होणार, त्याआधी फ्रँक झप्पा या अमेरिकन संगीतकाराचा एक शेवटचा कार्यक्रम, की मग सभागृह यांच्या ताब्यात. 4 डिसेंबरला, शनिवारी, तो कार्यक्रम रंगात आलेला असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन, म्हणजे पेटता गोळा उडवणारं पिस्तूल, झाडली. कसिनो जळून खाक झाला. डीप पर्पलवाले हॉटेलातून सरोवरावर पसरणारा धूर बघत बसले. काही दिवसांनी बेस वाजवणारा रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठता उठता चार शब्द बोलला, तेच गाण्याचं नाव.

पुढचं तुम्ही लिहा. हे गाणं तुम्हाला कुठे भेटलं? गोष्ट कळल्यावर काय वाटलं? मोंत्रोला कुणी गेलंय का? समीक्षा नको, अनुभव हवेत.

वेताळटेकडी

पुण्यात गिटारचे क्लास घेतो, त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी 'ट्विंकल ट्विंकल' आणि दुसऱ्या दिवशी "सर, ते शिकवा ना." 'ते' म्हणजे काय हे विचारावं लागत नाही. घरी यूट्यूब बघून एका तारेवर बसवूनच आलेला असतो. शून्य, तीन, पाच, हे पडद्यांचे आकडे. मग त्याला सांगावं लागतं की बाळा, दोन तारा एकदम वाजायला हव्यात, डी आणि जी. दोन्हींत चौथ्याचं, म्हणजे सा ते म एवढं, अंतर आहे आणि ती जोडी तशीच वरखाली सरकते. पिकने, म्हणजे हातातल्या छोट्या पट्टीने, मारलं की एक तार आधी लागते, दुसरी मागून. गाण्याचा मूळ गिटारवाला रिची ब्लॅकमोर बोटांनी खेचतो, दोन्ही तारा एका क्षणी सुटतात. मुलं अंगठा आणि तर्जनी लावून एकदा खेचतात आणि लगेच चेहरा बदलतो, "अरे, हे तर खरं वाजलं!" या एका क्षणासाठी मी ते हजारो वेळा ऐकायला तयार आहे.

आणखी एक. रेकॉर्डवर जो भरदार आवाज ऐकू येतो तो एकट्या गिटारचा नाही. बँडमधल्याच जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवरची पेटी, गिटारच्याच मार्शल अँपमधून काढलाय, तोही तीच सुरावट वाजवतोय. त्यामुळे घरी कितीही डोकं फोडलं तरी एका गिटारवर तो आवाज निघत नाही. पालकांनी कृपया नवीन अँपचा खर्च करू नये.

मोदकप्रिया

आईला घेऊन युरोप टूरला गेले होते. पंचेचाळीस जणांची बस, थेपले-चिवड्याच्या पिशव्या, सगळं साग्रसंगीत. मोंत्रोला बस थांबली ती 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या पुतळ्यासाठी. टूर मॅनेजरने सांगितलं की हा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, आणि बसमधल्या समस्त काकूंच्या अंगात आलं. "आपल्या पाचगणीचा हो!" एकीने तर त्याच्यासारखा हात वर करून फोटो काढला. त्याच काठावर जवळच 'स्मोक ऑन द वॉटर'चं शिल्प आहे. डीप पर्पलचं नाव, गाण्याचं नाव आणि त्या सुरावटीचं स्वरलेखन. तिकडे कुणी फिरकलं नाही, आम्ही दोघी सोडून.

आई सांगलीला पेटी शिकवायची. तिने ती पाश्चात्त्य टिपणं बघून विचारलं, "हे काय लिहिलंय, म्हणून दाखव." मी गुणगुणले. बसमध्ये परत बसल्यावर ती मांडीवर बोटं आपटत राहिली आणि मग मला सांगितलं: सा ग म, सा ग म म, सा ग म, ग सा. गंधार कोमल, आणि मधल्या तुकड्यात आधी तीव्र मध्यम लागतो, मग शुद्ध. रे नाही, प नाही, धैवत-निषादांचा पत्ताच नाही. "एवढ्याशा भांडवलावर दुकान चालवलंय की गं," म्हणाली. मग मी तिला आगीची गोष्ट सांगितली. तिचा पहिला प्रश्न, "माणसं वाचली ना सगळी?" वाचली म्हटल्यावरच पुढचं ऐकलं.

वेताळटेकडी

@मोदकप्रिया, काकूंना साष्टांग नमस्कार. तो तीव्र मध्यम म्हणजेच ब्लूजवाल्यांचा लाडका सूर. पुढच्या बॅचला पेटीवरच दाखवतो आता.

मांडववाला_नाशिक

आमचा धंदा मांडव-स्टेजचा, वडिलांपासून. त्यामुळे ही गोष्ट वाचली तेव्हा गाणं बाजूला राहिलं आणि मी छताकडेच बघत बसलो. कसिनोच्या त्या सभागृहाचं छत वेताचं होतं. वेत, बांबू, कापड, झिरमिळ्या, हे सगळं वरच्या वर पेटतं. खालच्याला आधी फक्त एक ठिणगी दिसते, कुणी तरी हसतंही, कारण तो शोचा भाग वाटतो. खाली धूर उतरेपर्यंत वर खेळ संपलेला असतो. आम्ही मांडवात हॅलोजन कापडापासून किती लांब ठेवायचा यावरून गिऱ्हाइकांशी वर्षानुवर्षं भांडत आलोय, "जरा जवळ घ्या, फोटो चांगले येतात" म्हणणारे कमी नाहीत.

हजारोंची गर्दी आत असताना एकही माणूस दगावला नाही, हे त्या गाण्याहून मोठं आश्चर्य आहे. झप्पाने स्टेजवरूनच लोकांना शांतपणे दाराकडे जायला सांगितलं. आणि क्लोद नॉब्स नावाचा आयोजक आत-बाहेर धावत पोरांना बाहेर काढत होता. काही मुलं स्वयंपाकघरात जाऊन लपली होती, तिथे आग येणार नाही अशा समजुतीने. त्यांनाही त्याने ओढून आणलं. गाण्यात त्याला 'फंकी क्लोद' म्हणून अमर केलंय, ते योग्यच झालं. आग लावणाऱ्याचं नाव गाण्यात नाही, फक्त 'कुणी मूर्ख' एवढ्यावर बोळवण केलीय. तेही योग्यच.

बिचाऱ्या झप्पाचं काय झालं हे मात्र कुणी सांगत नाही. वाद्यं, यंत्रं सगळी कसिनोत जळाली. आठवडाभराने लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये उसन्या सामानावर कार्यक्रम केला, तर एका प्रेक्षकाने त्याला स्टेजवरून खाली ढकललं. जबर जखमी झाला, कित्येक महिने व्हीलचेअरवर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

अनामिक_वाचक

माझे बाबा इतकी वर्षं हे सिगारेटच्या विरोधातलं गाणं समजत होते. मी खुलासा केलेला नाही, करणारही नाही.

खर्जातला_सा

@अनामिक_वाचक, 😄 तुमचे बाबा एकटे नाहीत. खुद्द बँडलाही ते नाव नशेच्या पदार्थांवरचं वाटेल अशी धास्ती होती. आणि ही मंडळी तर बाटलीवाली!

लेमानकाठ

नोकरीनिमित्त लोझानला राहतो, मोंत्रो इथून लोकल गाडीने सहज जाऊन येण्यासारखं. इथे मराठी मंडळाचे पाहुणे आले की माझ्या गळ्यात हीच सहल पडते, म्हणून काही गोष्टी जागेवरच्या सांगतो.

क्लोद नॉब्स मूळचा स्वयंपाकी. त्याचं शिक्षण त्यातलं. नंतर मोंत्रोच्या पर्यटन कार्यालयात लागला आणि तिथून 1967 मध्ये त्याने जॅझ फेस्टिव्हल सुरू केला. झोपाळू म्हाताऱ्या पाहुण्यांचं गाव होतं ते, या माणसाने ते संगीताचं गाव करून टाकलं. 2013 च्या जानेवारीत गेला, स्कीइंगच्या अपघातानंतर. जळालेल्या कसिनोच्या जागी नवा कसिनो 1975 मध्ये उघडला. आत खेळाच्या दालनासमोरच्या कठड्यावर या गाण्याचे स्वर नक्षीसारखे बसवलेत. ज्या आगीने जुनी इमारत गेली तिचीच नक्षी! स्विस लोकांना विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

आगीनंतर डीप पर्पलकडे भाड्याचा महागडा ट्रक आणि रिकामे हात. नॉब्सनेच त्यांना गावातलं पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळवून दिलं. तिथे रात्री वाजवायला लागल्यावर आवाज गावभर गेला, शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि पोलीस दारात. बँडच्या माणसांनी आतून दारं दाबून धरली आणि आत ते हेच गाणं, म्हणजे त्याचा शब्दांविना साचा, वाजवून संपवत होते. तेवढं पदरात पडलं आणि तिथून हकालपट्टी. मग मिळालं ते तेरितेचं ग्रँड हॉटेल, हिवाळ्यासाठी बंद, थंडगार, रिकामं. कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून त्यांनी आवाज अडवला. ट्रक बाहेर उभा. वाजवलेलं ऐकायचं तर खोल्यांतून, बाल्कन्यांवरून वळसे घालत ट्रकपर्यंत जायचं. इतकं हिंडण्यापेक्षा त्यांनी ऐकणंच बंद केलं. बरं वाटलं की पुढचं गाणं. मला वाटतं 'मशीन हेड' अल्बम इतका सुटसुटीत झाला त्याचं निम्मं श्रेय त्या बाल्कन्यांना द्यावं.

शेवटी अल्बम काही मिनिटांनी कमी भरला, तेव्हा तो पॅव्हिलियनमधला साचा आठवला. त्यावर गायक इयन गिलन आणि ग्लोव्हरने, जे घडलं तेच शब्दांत मांडून दिलं. भरतीचं गाणं, बाकी काही नाही.

पाहुण्यांना मी तेरितेच्या स्टेशनवर उतरवतो आणि काठाकाठाने चालवत नेतो. डिसेंबरात सरोवरावर धुकं असतं. प्रत्येक वेळी कुणीतरी "हाच का तो धूर?" विचारतोच.

जुनागिरगावकर

आमचं वय झालं तरी या विषयावर बोलायला दम आहे. सत्तरच्या दशकातली मुंबई. इंग्लिश रेकॉर्ड म्हणजे कुणाचा तरी जहाजावरचा मामा, नाहीतर चोर बाजार, नाहीतर काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस. माझी पहिली गाठ पडली ती 'मेड इन जपान' या त्यांच्या लाइव्ह अल्बमवरच्या गाण्याशी, 1972 च्या ऑगस्टमधले जपानचे कार्यक्रम. त्यात ब्लॅकमोर सुरुवातीला त्या सुरावटीशी नुसता खेळतो, चिडवतो, आणि मग सोडतो. म्हणून आजही मला मूळ स्टुडिओतलं गाणं जरा गुळगुळीत वाटतं. चाळीत रेकॉर्ड लावली की समोरचे भजनी बुवा खिडकी लावून घ्यायचे, पण त्यांच्या नातवाने पुढे माझ्याकडूनच ती कॅसेटवर उतरवून नेली.

पुढे धोबी तलावच्या रंगभवनात कॉलेजांच्या बँडनी हे वाजवलेलं किती वेळा ऐकलं, गणती नाही. अर्धे बेसूर, पण पहिल्या तीन सुरांवर अख्खं रंगभवन उठायचं. तेही पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून गेलं. पॅव्हिलियनच्या पोलिसांची गोष्ट वाचली तेव्हा आपल्याकडेच घडलंय की काय असं वाटलं. फक्त आपल्याकडे दार दाबून धरायला दारच नव्हतं, उघड्यावरचं नाट्यगृह.

आणि एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. 1972 च्या मार्चमध्ये 'मशीन हेड' आला तेव्हा या गाण्याची सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी रेकॉर्ड, काढायचं कुणाच्या मनातच नव्हतं. अल्बममधून पुढे केलं 'नेव्हर बिफोर'. 'स्मोक'ची सिंगल अमेरिकेत 1973 मध्ये निघाली आणि बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली. 'नेव्हर बिफोर' आज कुणी गुणगुणतं का?

अनामिक_वाचक

@जुनागिरगावकर, काका, मी. सुरुवातीचा तो ठुमकता तुकडा ऐका पुन्हा. ऑफिसला जाताना रोज लावतो.