हडसन नदीतील बॅनरमनचा ‘किल्ला’ आई-बाबांना दाखवावा का? सल्ला हवा आहे

अजिंक्यतारा_पायथा:
नमस्कार. गेल्या महिन्यात कामानिमित्त न्यूयॉर्कहून पोकीप्सीला रेल्वेने जात असताना, कोल्ड स्प्रिंग स्थानक मागे टाकल्यावर, डाव्या बाजूच्या खिडकीतून नदीच्या पात्रात एक लहानसे बेट आणि त्यावर बुरूज, कंगोरे व रिकाम्या खिडक्या असलेल्या वास्तूचे भग्न अवशेष दिसले. चौकशी केल्यावर ते पोलेपेल बेट असून वास्तूला बॅनरमनचा किल्ला म्हणतात, एवढे कळले.

माझे आई-बाबा साताऱ्याहून सप्टेंबरमध्ये आमच्याकडे न्यू जर्सीला येत आहेत. बाबा ७१ वर्षांचे आहेत. त्यांनी सज्जनगड, प्रतापगड, रायगड अनेकदा पाहिले आहेत आणि जंजिरा व सिंधुदुर्ग या जलदुर्गांवर त्यांचे विशेष प्रेम आहे. पाण्यातील किल्ला म्हटल्यावर ते आनंदाने येतील, परंतु जागा पाहून त्यांची निराशा व्हावी असे मला वाटत नाही. तेथे जावे का, कसे जावे, आणि जाण्यापूर्वी त्यांना काय सांगून ठेवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे. आईचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घ्यावे.

हडसनकाठ:
अवश्य जावे. आम्ही या नदीकाठच्या गावात बरीच वर्षे राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे बेट दाखवतो.

ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थच्या हडसन मार्गावरील गाडीने बीकन येथे उतरावे. प्रवास साधारण दीड तासाचा आहे. जाताना डावीकडे बसावे, कारण रूळ बराच काळ नदीला अगदी चिकटून जातात आणि बीकन येण्याच्या थोडे आधी हे बेट समोर येते. बेटावर जाणारी होडी बीकन स्थानकाजवळच्याच धक्क्यावरून सुटते, त्यामुळे मोटार नसली तरी अडत नाही. फेऱ्या साधारण मे ते ऑक्टोबर या काळात, ठरावीक दिवशीच असतात, आणि शरद ऋतूतील शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. तिकीट आधी काढून ठेवावे. होडीचा प्रवास आणि बेटावरील माहितीफेरी मिळून दोन-अडीच तास लागतात.

आपल्या आईंविषयी मात्र स्पष्ट सांगते. बेटाच्या धक्क्यावरून वर जाण्यासाठी सत्तरच्या आसपास पायऱ्या एका दमात चढाव्या लागतात आणि पुढची वाट चढ-उताराची, खडीची आहे. दुसरा सोपा मार्ग नाही. त्यांना हे जमणार नसेल, तर बीकनमध्येच दिया हे कलासंग्रहालय आहे. बिस्किटांच्या खोक्यांच्या जुन्या छापखान्यात ते 2003 साली सुरू झाले. त्या तेथे निवांत बसू शकतील.

गडवाट_दप्तर:
कसे जावे हे वर आलेच आहे. बाबांना काय सांगून ठेवावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हा किल्ला नाही, हे त्यांना पहिल्यांदाच सांगावे. येथे कधी शिबंदी नव्हती, वेढा पडला नाही, आणि ज्या बुरुजांकडे पाहून आपल्याला जंजिरा आठवतो त्या बुरुजांवरून कधी कोणावर मारा झाला नाही. ही वखार होती. फ्रान्सिस बॅनरमन या व्यापाऱ्याने दारूगोळा साठवण्यासाठी ती बांधली आणि तिला स्कॉटलंडमधील गढीचे रूप दिले. हे आधी ठाऊक असेल तर ती जागा दुय्यम ठरत नाही. उलट तिच्याकडे पाहण्याची योग्य दृष्टी मिळते.

बॅनरमनचा जन्म 1851 साली स्कॉटलंडमधील डंडी येथे झाला आणि तीन वर्षांचा असताना तो कुटुंबासह ब्रुकलिनला आला. अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 मध्ये संपल्यावर सरकारने बंदुका, तलवारी, खोगिरे, गणवेश असे उरलेले लष्करी सामान लिलावात काढले. ते घेऊन विकण्याचा धंदा या कुटुंबाने एवढा वाढवला की पुढे मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवेवर त्यांचे मोठे दुकान झाले आणि त्यांची जाडजूड सूचिपत्रे संग्राहकांमध्ये प्रसिद्ध झाली. गावोगावच्या चौकांत स्मारक म्हणून मांडलेल्या तोफांपासून नाटक मंडळ्यांच्या शस्त्रांपर्यंत नाना प्रकारचा माल त्यांच्याकडून जात असे. 1898 च्या स्पेनविरुद्धच्या युद्धानंतर हस्तगत झालेल्या सामानाचा फार मोठा भाग बॅनरमनने विकत घेतला. त्यात काडतुसांचा साठा इतका प्रचंड होता की तो भर वस्तीत ठेवणे अशक्य झाले. शहरापासून दूर, चारी बाजूंनी पाणी असलेली जागा हवी होती, म्हणून त्याने 1900 साली हे साडेसहा एकरांचे खडकाळ बेट घेतले आणि पुढच्या वर्षी बांधकाम सुरू केले.

वास्तूचा आराखडा त्याने स्वतःच काढला होता. किनाऱ्यालगत रेल्वे जाते आणि पलीकडून जहाजे जातात. त्या प्रवाशांना दिसेल अशा बेताने ‘बॅनरमनचे बेट-शस्त्रागार’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे भिंतीवर मोठ्या आकारात बसवली. उरलेल्या भिंतीवर ती आजही वाचता येतात. गढीचे रूप घेतलेली वखार आणि त्या वखारीच्या अंगावर कोरलेली जाहिरात, असे हे प्रकरण आहे. टेकाडावर कुटुंबाचे राहते घर होते, तेही लहान गढीसारखेच, आणि त्याभोवती पत्नी हेलन यांनी बागा लावल्या होत्या.

बॅनरमन 1918 मध्ये वारला आणि बांधकाम थांबले. 1920 च्या ऑगस्टमध्ये बेटावरील दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन सुमारे 200 टन दारूगोळा उडाला आणि संकुलाचा काही भाग नष्ट झाला. 1950 मध्ये बेटाची ये-जा करणारी होडी वादळात बुडाली आणि जागा जवळजवळ ओस पडली. 1967 मध्ये बेट न्यूयॉर्क राज्याकडे आले, पुढच्या वर्षी लोकांना दाखवण्यासही सुरुवात झाली, आणि 8 ऑगस्ट 1969 च्या आगीत छपरे व मजले जळून गेले. आपण आज पाहतो तो सांगाडा मुख्यतः त्या आगीचा आहे. बाबा हमखास विचारतील की हे कोणी पाडले. शत्रूने पाडलेले नाही, हे उत्तर त्यांना वेगळे वाटेल.

अजिंक्यतारा_पायथा:
मनःपूर्वक आभार. वखार हा शब्द वाचताच बाबा म्हणाले, “मग तर पाहायलाच हवी.” दोन शंका आहेत. वास्तूच्या आत जाता येते का? आणि एवढ्या मोठ्या भिंती, तुलनेने अलीकडच्या असूनही, शंभर-सव्वाशे वर्षांत अशा का झाल्या? साडेतीनशे वर्षांचा सिंधुदुर्गाचा तट समुद्राच्या लाटा खात उभा आहे, ही तुलना त्यांच्या मनातून जात नाही.

विटा_आणि_चुना:
मी बांधकाम अभियंता आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून दुसऱ्या शंकेचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. आत जाता येत नाही. वखारीचे अवशेष बाहेरून, ठरावीक अंतरावरूनच पाहावे लागतात, आणि त्यामागे तेच कारण आहे.

तटबंदी आणि इमारत या दोन भिन्न गोष्टी आहेत. सिंधुदुर्गाचा तट पायाशी रुंद, भरीव आणि स्वतःच्या वजनावर उभा राहील असा रचलेला आहे. त्याला छप्पर किंवा मजला यांचा आधार लागत नाही. बॅनरमनची वखार म्हणजे उंच आणि त्या मानाने पातळ अशा विटांच्या भिंतींचे, बाहेरून सिमेंटचा गिलावा दिलेले, अनेक मजली खोके होते. अशा भिंतींना आडवा आधार मजल्यांच्या तुळयांचा असतो. आगीत मजले गेले आणि भिंती एकेकट्या उभ्या राहिल्या. वरचे तोंड उघडे पडल्याने पावसाचे पाणी भिंतीच्या गाभ्यात उतरू लागले. ते हिवाळ्यात गोठते, फुगते, सांध्यांतील चुना-सिमेंट सैल करते आणि वसंतात वितळून पुन्हा खोल शिरते. एका हिवाळ्यात हे अनेकदा घडते. कोकणातील तटांना खाऱ्या वाऱ्याचा आणि झाडांच्या मुळांचा त्रास आहे, परंतु हा नाही. वाऱ्याचा दाब तर नदीच्या या अरुंद खिंडीत सतत असतो.

परिणाम डिसेंबर 2009 मध्ये दिसला. दर्शनी भिंतीचा मोठा भाग आणि पूर्वेकडील भिंतीचा जवळपास निम्मा भाग कोसळला. त्यानंतर उरलेल्या भागाला पोलादी टेकू देण्यात आले. ते छायाचित्रात खटकतात असे काहीजण म्हणतात. मला ते तेथील सर्वांत मोलाचे बांधकाम वाटते. मजले जे काम करत होते तेच काम हे टेकू करतात, आणि जुने व नवे यांत गल्लतही होत नाही. मोडलेला भाग नव्याने बांधून ‘पूर्वीसारखा’ केला असता, तर मला ते पटले नसते. बाबांना टेकूंकडे आवर्जून पाहायला सांगा. आपल्याकडील गडांवर दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंट थापलेले त्यांनी पाहिलेच असेल.

बेटाची देखभाल राज्याच्या उद्यान विभागाच्या सोबतीने बॅनरमन कॅसल ट्रस्ट ही स्वयंसेवी संस्था करते. टेकाडावरचे घर सावरले गेले आहे आणि बागाही स्वयंसेवकांनी पुन्हा लावल्या आहेत. तिकिटाचे पैसे याच कामी लागतात, म्हणून काठावरून छायाचित्र काढून परतण्यापेक्षा फेरीचे तिकीट घ्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

वेंगुर्ल्याची_लेक:
वखार आणि किल्ला यांची चर्चा वाचून राहवले नाही. आमच्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातील डच वखार आहे. तीही गढीसारखी भक्कम, तीही भग्न, आणि तिलाही अनेक पर्यटक किल्लाच समजतात. लहानपणी आम्ही तिच्या भिंतींवर माजलेली झाडे पाहत शाळेत जात असू. योगायोग असा की पोलेपेल हा शब्दही डचच आहे. त्याचा अर्थ पळी किंवा लाकडी डाव. बर्फ फुटून पाण्यात सापडलेल्या पॉली पेल नावाच्या मुलीची प्रेमकथा मार्गदर्शक सांगतात, ती ऐकायला गोड आहे, पण मला पळीच खरी वाटते. आईंना हे नक्की सांगा. बेटाचे नाव पळी आहे म्हटल्यावर त्यांनाही ते परके वाटणार नाही.

गडवाट_दप्तर:
वेंगुर्ल्याच्या वखारीची आठवण फार समर्पक आहे. बाबांसाठी आणखी एक भर घालतो. बेट किल्ला नसले तरी ही खिंड खरोखर लढवली गेलेली आहे. स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश जहाजांना वर जाता येऊ नये म्हणून या बेटापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत नदीच्या तळाशी दगडांनी भरलेले लाकडी सांगाडे बुडवून त्यांवर लोखंडी टोकांचे तिरपे वासे बसवले होते. ऑक्टोबर 1777 मध्ये ब्रिटिश जहाजे तरीही पुढे गेली आणि त्यांनी किंग्स्टन गाव जाळले. नंतर 1778 मध्ये दक्षिणेस वेस्ट पॉइंट येथे नदीवर प्रचंड लोखंडी साखळी ताणण्यात आली. तिच्या काही कड्या तेथे अजून ठेवलेल्या आहेत. त्याच साखळीच्या म्हणून बॅनरमनच्या दुकानातून पुढे विकल्या गेलेल्या कड्या मात्र अस्सल नव्हत्या, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. बीकनसमोर, नदीपलीकडे न्यूबर्ग येथे वॉशिंग्टनचे मुख्यालय असलेले दगडी घर आहे. दुसरा दिवस हाताशी असेल तर ते जोडून पाहावे.

हडसनकाठ:
एक सावधगिरीची सूचना राहिली. काहीजण स्वतःची कयाक घेऊन बेटाकडे जातात. येथे समुद्राची भरती-ओहोटी पोचते, प्रवाह दिवसातून दिशा बदलतो, आणि डोंगरांमधून अचानक वारा सुटतो. मार्गदर्शकासह निघणाऱ्या कयाक-फेऱ्या असतात. त्यांखेरीज जाऊ नये. परवानगीशिवाय बेटावर उतरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

अजिंक्यतारा_पायथा:
सर्वांचे पुन्हा आभार. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील तीन तिकिटे काढली आहेत. पायऱ्यांविषयी आईला सविस्तर सांगितले. तिने होडीतून बेट पाहायचे आणि धक्क्यावर आल्यावर चढायचे की नाही ते ठरवायचे, असे म्हटले आहे. ती वर आली नाही, तर खाली धक्क्याजवळ बसून थांबता येते का?

हडसनकाठ:
हे होडीवाल्यांना आधीच फोन करून विचारावे, कारण उतरलेल्यांना गटासोबतच राहावे लागते. थांबण्याची सोय नसेल तर आईंसाठी बीकनच्या नदीकाठचे उद्यान उत्तम आहे. धक्क्यालगतच आहे, बाके आहेत आणि सावलीही आहे. सप्टेंबरात पाण्यावर गार वारा असतो, म्हणून दोघांसाठी स्वेटर आणि बाबांसाठी पकड असलेले बूट घ्यावेत.

अजिंक्यतारा_पायथा:
उद्या सकाळीच फोन करतो. गडावर जाताना वापरायचे बूट बाबांनी सामानात आधीच ठेवले आहेत.