साखळी, शंकू आणि पेटामीटर

अनुवादकर्ती
एका एकक-परिवर्तकाचं मराठीकरण हातात घेतलंय. एका रकान्यात चेन, रॉड, लिंक, फर्लांग. दुसऱ्यात गिगामीटर, टेरामीटर, पेटामीटर. एका चेनचे पेटामीटर कुणाला हवे असतात देव जाणे, पण यंत्र इमानदारीत सांगतं: दशांशचिन्हापुढे तेरा शून्यं आणि मग २०१. मी चेन = साखळी, रॉड = काठी केलं. तपासणाऱ्यांनी काठीवर फुली मारली आणि पेटामीटरला ‘आपला’ शब्द मागितला. काय लिहू? परवा द्यायचंय.

बांधकोर
काठीवरची फुली बरोबर आहे, ताई. रॉड साडेसोळा फुटांचा. आपली शिवकालीन काठी सभासद बखरीत आहे: पाच हात पाच मुठी, म्हणजे ८२ तसू. तसू अगदी सव्वा इंचाचा धरला तरी काठी साडेआठ फुटांच्या पुढे फारशी जात नाही. एकाच्या नावावर दुसऱ्याची लांबी खपवल्यासारखं होईल. रॉड रॉडच राहू द्या.
साखळीतही गोम आहे. इंग्रज गणिती गंटरची (१६२०) ६६ फुटांची, शंभर कड्यांची. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. पण आपल्याकडची शंकू साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा. नुसतं ‘साखळी’ वाचून आमच्याकडचा जुना मोजणीदार ३३ धरेल.

शुद्धमती
पेटामीटरला शब्द आहे की! लीलावतीतली दशस्थानं घ्या: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य. दहाचा पंधरावा घात म्हणजे अंत्य, आणि पेटा म्हणजेही तोच. ‘अंत्यमीटर’ लिहा. किलो-मेगा गिळलेत म्हणून पेटाही गिळायचा?

खगोलखूळ
अंत्यमीटर! अंत्ययात्रेचं अंतर वाटतंय.

चावडीवाचक
थांबा, शंकू म्हणजे दहाचा तेरावा घात ना? मग शंकू साखळीतला शंकू तोच का?

बांधकोर
काहीही. शंकू म्हणजे खुंटी. साखळी ताणायला जमिनीत ठोकतात ती. नाव त्यावरूनच पडलं असणार.

शुद्धमती
‘असणार’ म्हणजे पुरावा नाही. सावली मोजायच्या काठीलाही शंकूच म्हणतात.

खगोलखूळ
मूळ प्रश्नाकडे. पेटामीटर खगोलवाले सहसा वापरतच नाहीत. एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ पेटामीटर, पण बोलताना प्रकाशवर्ष नाहीतर पार्सेक (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं). सौरमालेत खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर, २०१२ पासून नेमकं १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७०.७ किलोमीटर. गंटरच्या साखळ्यांत साधारण ७४३ कोटी ६४ लाख.
पण हसू नका, शेतापासून सूर्यापर्यंतचा रस्ता मोजणीतूनच गेलाय. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिकारने १६६९-७० मध्ये पॅरिस ते अमिएँ त्रिकोण टाकत नेले आणि एका अंशाची लांबी ५७,०६० त्वाझ काढली. त्वाझ हे जुनं फ्रेंच माप, सुमारे १.९४९ मीटरचं, म्हणजे एक अंश १११ किलोमीटरच्या जरा वर. त्यावरून पृथ्वीची त्रिज्या मिळाली. मग १६७२ मध्ये रिशे दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला आणि कॅसिनी पॅरिसला, दोघांनी मंगळ बघितला, आणि दोन्हीकडून तो दिसला त्या जागांतल्या फरकावरून सूर्याचं अंतर निघालं. पायाची रेषा आणि कोन, बस्स. इंग्रज मोजणी-अधिकारी लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ साडेसात मैलांची पायारेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली, तेव्हाही रीत हीच.

तसूभर
आणि फूट कुठला? १९५९ पासूनचा आंतरराष्ट्रीय फूट नेमका ०.३०४८ मीटर. अमेरिकेचा मोजणी-फूट १२००/३९३७ मीटर, तो २०२२ अखेर निवृत्त झाला. फरक दहा लाखांत दोन. वावरात काहीच नाही. सूर्यापर्यंत गेलात तर ३०० किलोमीटर, एका प्रकाशवर्षात पावणेदोन कोटींच्याही वर. यंत्राने दशांशापुढे दहा आकडे दाखवायच्या आधी फूट कुठला ते लिहावं. नाव मराठी की इंग्रजी, हा वाद नंतर.

शुद्धमती
वाद इथे नावाचाच चाललाय. शब्दचर्चा आहे ही.

चावडीवाचक
फर्लांग तरी ठेवा हो. आमचे मास्तर सांगायचे, ‘फार लांब’वरून फर्लांग.

बांधकोर
मास्तरांना नमस्कार, पण तो नांगराच्या तासावरून, म्हणजे सरीवरून आलाय. इंग्रजीतच तासाची लांबी असा अर्थ आहे. दहा साखळ्या, ६६० फूट. आणि शब्द इतका मुरलाय की त्याला आता परका कोण म्हणेल?

शुद्धमती
मुरलाय म्हणून आपला, हे कुठलं शास्त्र? उद्या ‘प्लॉट’लाही आपला म्हणाल.

बांधकोर
म्हणालोच. सातबाऱ्यावर नसेल, पण पाटीवर आहे. गुंठ्याने प्लॉट विकतात आणि भाव चौरस फुटाचा सांगतात, १०८९ ने गुणत बसा.

अनुवादकर्ती
मंडळी, मग चेन = गंटर साखळी (६६ फूट), लिंक = कडी, रॉड तसाच. पटतंय का? आणि पेटामीटर?

चावडीवाचक
कडी छान. ते १६ आणे मात्र डोक्यातून जाईना. ३३ फुटांचे सोळा भाग म्हणजे आणा दोन फूट पाऊण इंचाचा. पिकाची आणेवारी यावरूनच का?

बांधकोर
नाही हो. आणेवारी उत्पन्नाची, सोळा आणे पीक म्हणजे पुरतं पीक. रुपयाचे भाग दोन्हीकडे शिरले इतकंच. आता तर तिलाही पैसेवारी म्हणतात.

शुद्धमती
आमच्याकडे अजून आणेवारीच म्हणतात.

तसूभर
तुमच्याकडे म्हणजे कुठे? आमच्या गावात पन्नास पैशांच्या आत आली की सगळे पैसेवारीच म्हणतात.