ओव्हनला ‘झाकण’ असतं की ‘दार’?

दादरची अनुवादक
आईकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींसाठी मी कुकिंग रेंजच्या सूचना मराठीत लिहून भिंतीला लावल्या. वर चार बर्नर, त्यांच्यावर काच, खाली गॅसचा ओव्हन. पहिलीच सूचना होती, ‘ओव्हन पेटवताना झाकण उघडं ठेवा.’ माझ्या मनात खालचं दार होतं. मावशींनी वरची काच उचलली, बटण फिरवलं आणि ठिणगीची कळ चार-पाच वेळा दाबली. पेटेना, म्हणून खालचं दार उघडून काडी पुढे केली. आत कोंडलेला गॅस भप्पकन पेटला. मनगटावरचे केस जळाले, कातडी वाचली. मावशी एवढंच म्हणाल्या, “ताई, झाकण तर मी उघडलं होतं.” त्यांचं बरोबर होतं, चूक माझ्या शब्दाची. तर ओव्हनच्या त्या भागाला काय म्हणावं? आणि ओव्हनला?

गिरगावकर
दार. यात शंका कसली? वरून ठेवतात ते झाकण, बिजागरीवर फिरतं ते दार. आणि ओव्हनला ‘भट्टी’ म्हणा. घरचा शब्द असताना उसना कशाला?

पार्ल्याच्या काकू
बिजागरीची कसोटी टिकत नाही. ट्रंकेला बिजागरी असते, तरी आपण ट्रंकेचं झाकणच म्हणतो. तुमच्या रेंजची काचही बिजागरीवरच असणार. तोंड वर असेल तर झाकण, समोर असेल तर दार. फ्रिजला दार, फ्रीझरच्या पेटीला झाकण.

मला खरी काळजी ‘गॅस’ या शब्दाची वाटते. गॅसवर दूध ठेवलंय, गॅस बारीक कर, गॅस संपला, गॅसचा वास येतोय : चार वाक्यांत चार वस्तू. शेगडी, जाळ, सिलिंडर आणि वायू. मग भिंतीवरच्या ‘गॅस बंद करा’चा अर्थ काय घ्यायचा? बर्नरचं बटण, रेग्युलेटर की पाइपचा कॉक? आमच्याकडे रात्री ‘गॅस बंद केलास का?’ असं विचारलं की सून बटणं बघते आणि सासरे रेग्युलेटर बघतात. सूचनेत नुसता ‘गॅस’ लिहूच नये.

माहीमचा दुरुस्तीवाला
ताई, मी वीस वर्षं रेंज उघडतोय, म्हणून सांगतो. ओव्हन पेटला नाही तर बटण बंद करायचं, दार उघडं ठेवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि मगच परत पेटवायचं. हे मोठ्या अक्षरांत लिहा.

दुसरं, पिन. ओव्हनच्या बर्नरला लागून पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी असते. जाळ विझला की ती गार होते आणि गॅस तोडते. ती तापेपर्यंत, दहा-पंधरा सेकंद, बटण दाबूनच धरावं लागतं. लोक लगेच सोडतात, जाळ विझतो आणि मला फोन येतो की रेंज बिघडली. बर्नर गार व्हायच्या आत वरची काच बंद करू नका, तडकते. ओव्हनच्या तळाला फॉइल पसरू नका, हवेची भोकं बुजतात. आणि सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर आलात तर बर्नरचं जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोटी, बदलून घ्या, दोन्हींचं भोक सारखं नसतं.

दादरची अनुवादक
दादा, त्या पिनेलाच मी ‘ज्योत-विफलता नियंत्रक’ लिहिलं होतं. आजच खोडते.

गिरगावकर
खोडा, पण ‘पिन’ही नको. कपड्यांना लावतात ती पिन. ‘राखणकांडी’ म्हणा.

माहीमचा दुरुस्तीवाला
दुकानात राखणकांडी मागितलीत तर काय देतील?

मालवणकर
भट्टीवरून सांगतो. गोव्यात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीला फोर्न म्हणतात, पोर्तुगीज शब्द आहे. पाव घेतला, बटाटा घेतला, तर फोर्नही घ्यायला हवा होता. आजी चुलीवर नानखटाई करायची. पातेल्यात वाळू, वाळूवर ताट, वर झाकण आणि झाकणावर निखारे. ती त्याला वर-खाली विस्तव म्हणायची. रेंजमधला ग्रिल म्हणजे तो वरचा विस्तव आणि तळचा बर्नर म्हणजे खालचा. आणि ती नानखटाई ‘भाजायची’, बेक नाही करायची.

पार्ल्याच्या काकू
पण पापडही भाजतो, वांगंही भाजतो. ‘केक भाजा’ वाचून कोणी जाळावर धरला तर?

गिरगावकर
शेगडीचंच बघा. मूळ ‘शेकणे’. निखारे गेले, गॅस आला, नाव राहिलं. भट्टीचंही तसंच होईल.

शिवडीचा वाचक
शेगडी ‘शेकणे’वरून नाही. संस्कृत ‘शकटिका’, म्हणजे लहान गाडी. प्राकृतात निखाऱ्यांच्या भांड्याच्या नावात ‘सगडी’ येते आणि गुजरातीत आजही सगडीच म्हणतात. ‘शेकणे’मधला ‘क’ मऊ होऊन ‘ग’ झाला म्हणाल, तर तो ‘ड’ कुठून आला?

गिरगावकर
‘ड’ प्रत्ययाचा. तुकडा, आतडं, कातडं यांत नाही का?

शिवडीचा वाचक
तो प्रत्यय नामाला लागतो, क्रियापदाला लागल्याचं एक उदाहरण द्या.

भट्टीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. आमच्या गल्लीतल्या बेकरीत आता गॅस आहे, धूर नाही. तरी पाववाला परवा म्हणाला, “भट्टी लागली नाही अजून, अर्ध्या तासाने या.”

पार्ल्याच्या काकू
‘भट्टी लागली’! वर्तमानपत्रात आग लागते, बेकरीत भट्टी लागते. घरच्या ओव्हनबद्दल असं बोलता येईल का? आम्ही ‘ओव्हन तापत ठेवलाय’ म्हणतो.

दादरची अनुवादक
कागद काढून टाकला. काचेवर चिठ्ठी लावली ‘काच’, खालच्या हँडलवर ‘दार’. मावशींनी काल दोन्ही वाचल्या, खाली वाकून आधी दार उघडलं, मग काडी ओढून बर्नरजवळ धरली आणि त्यानंतर बटण दाबून धरलं. पंधरापर्यंत मोठ्याने मोजलं. ओव्हनवर अजून काहीच लिहिलेलं नाही. त्या त्याला ‘खालचा गॅस’ म्हणतात.

मालवणकर
शेगडीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश कोणी उघडून बघितला का?