कुल्लूच्या थंडीत शिबिरगृह बांधायचे, तर लाकूड कोणाच्या वाट्याचे?

काष्ठकोन

हिमाचल प्रदेशातल्या बंजार खोऱ्यात, २,००० मीटरच्या वर, ४० जणांना भर हिवाळ्यातही राहता येईल असे शिबिरगृह बांधण्याचा विचार आमच्या गटात चालला आहे. ध्यानवर्ग आणि गिर्यारोहणाचे वर्ग असे दोन्ही तिथे व्हावेत, अशी कल्पना आहे. ठेकेदाराने काँक्रीटचा सांगाडा आणि विटांच्या भिंती असा सरधोपट आराखडा पुढे केला आहे. ही इमारत त्या प्रदेशाच्या काठकुणी पद्धतीनेच, म्हणजे लाकूड आणि दगडातच झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

काठकुणी भिंतीत देवदाराच्या तुळयांचा एक थर आणि चुन्यावाचून रचलेल्या दगडांचा एक थर असे आलटून पालटून चढवत नेतात. लाकडी थरात भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला एकेक तुळई असते, मधली पोकळी दगडगोट्यांनी भरतात आणि दोन्ही तुळया ठरावीक अंतरावर आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जखडतात. कोपऱ्यावर दोन भिंतींच्या तुळया एकमेकींवर चढतात आणि तिथे लाकडी खुंटी ठोकलेली असते. जमीन हादरली की दगड किंचित सरकतात, एकमेकांवर घासून हादऱ्याचा जोर जिरवतात, आणि लाकडाचे पट्टे भिंत फुटू देत नाहीत. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात सुमारे २०,००० माणसे गेली. कुल्लूतला नग्गरचा काठकुणी किल्ला मात्र टिकला, आणि बंजारजवळच्या चैहणी कोठी या उंच काठकुणी इमारतीचे वरचे मजले पडले तरी तिचा मनोरा आजही उभा आहे.

देवदारातल्या तेलामुळे त्याला कीड सहसा लागत नाही. शिवाय एक घनमीटर देवदारात हवेतून शोषलेला सुमारे ९०० किलो कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो; सिमेंट करताना चुनखडी भाजली की तोच वायू हवेत जातो. ज्या डोंगरात आपण पाहुणे म्हणून जाणार, तिथे एवढा विचार तरी आपण केलाच पाहिजे.

रानवाटा

आपले भूकंपाविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, पण मूळ प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे. देवदार घरबांधणीच्या जाडीचा व्हायला १०० वर्षांहून अधिक काळ लागतो. सरकारी जंगलातली हिरवी झाडे तोडण्यावर हिमाचलात १९८० च्या दशकापासून निर्बंध आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ते देशभर कडक झाले. गावकऱ्यांना घर बांधण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी सवलतीने झाड मिळण्याचा जुना हक्क आहे. तिथले लोक त्याला ‘टीडी’ म्हणतात. तो हक्क घरगुती गरजेपुरता आहे आणि त्यावरही मर्यादा आल्या आहेत. ज्याच्या आजोबांनी काठकुणी घर बांधले, तो नातू आज लाकूड परवडत नाही म्हणून काँक्रीटकडे वळतो, आणि त्याच गावात मैदानातून आलेल्या साधकांसाठी देवदाराच्या भिंती उभ्या राहणार, हे मला अन्यायाचे वाटते.

दुसरा प्रश्न आगीचा. जानेवारी २००८ मध्ये कुल्लूतल्याच मलाणा गावाचा मोठा भाग जळाला आणि २०२१ मध्ये तिथेच पुन्हा आग लागली. घरे खेटून, गवताच्या गंज्या आणि सरपण जवळच, रस्ता गावापर्यंत नाही, पाणी गोठलेले. अशा ठिकाणी बंब वेळेवर पोचत नाही. अनोळखी ४० माणसे, त्यांचे हीटर आणि रात्रभर पेटता तंदूर (खोली तापवायची लाकडावरची शेगडी) हे सगळे लाकडी घरात आणताना हात थरथरला पाहिजे.

फ्योर्डकाठ

मी नॉर्वेत राहतो, आणि माझा आक्षेप तिसराच आहे. तुम्ही दोघेही भिंत किती गरम राहते हे विचारतच नाही. मेंढीच्या लोकरीचा १० सेंटिमीटर थर थंडीला जेवढा अडवतो, तेवढ्यासाठी भरीव लाकूड साधारण ३० सेंटिमीटर लागते आणि दगड जवळजवळ ५ मीटर. काठकुणी भिंतीत निम्मा दगड आहे, आणि सांधे कोरडे असल्यामुळे वारा आत शिरतो, म्हणूनच तर आतून मातीचा गिलावा करतात. जुनी घरे उबदार वाटत, कारण खोल्या ठेंगण्या होत्या, खाली गुरे बांधलेली असत आणि सगळे कुटुंब तंदूरभोवती बसे. ४० जणांचे उंच छताचे ध्यानगृह तशाच भिंतींचे केले, तर सरपणाचा खर्च जंगलावरच पडेल.

दमटपणाचेही पाहा. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासावाटे आणि त्वचेवाटे पाव लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतो. ४० जणांचे १० लिटरच्या वर होते. ही वाफ भिंतीत शिरून थंड थराशी पाणी झाली आणि लाकडातला ओलावा बराच काळ २० टक्क्यांवर राहिला, की कुजण्याला सुरुवात होते. म्हणून आतल्या बाजूने बाष्परोधक थर आणि यंत्राने हवा खेळवण्याची सोय ही चैन नव्हे.

इथल्या पर्यटन संघटनेची (ती १८६८ साली स्थापन झाली) डोंगरातली बिनचाकर विश्रामगृहे पाहिली, तर चूल सामाईक खोलीत असते, निजायच्या खोल्या लहान आणि गारच असतात, आणि पाहुणेच लाकूड फोडतात, बर्फ वितळवतात, जाताना झाडून जातात. अख्खी इमारत तापवायचा हट्ट सोडला, तर इंधन निम्म्याहून कमी लागू शकते. मात्र नॉर्वेचे पाहून ‘लाकूड म्हणजे शाश्वत’ असे कुणी म्हणू नये. इथल्या जंगलातला लाकूडसाठा गेल्या १०० वर्षांत जवळपास तिपटीने वाढला, तो लावून आणि राखून. तोड त्या वाढीच्या आत राहते, म्हणून इथे ते म्हणणे खरे ठरते.

काष्ठकोन

फ्योर्डकाठ यांचा मुद्दा मी आराखड्यात घेतो आहे. काठकुणी भिंत तळमजल्यापुरती, भार आणि भूकंप यांसाठी ठेवायची. वर चिडाच्या किंवा कैलच्या (दोन्ही पाइनच्याच जाती) फळ्यांचा हलका सांगाडा करून त्यात गद्दी मेंढपाळांची जाडीभरडी लोकर, बोरॅक्स लावून, भरायची. निजायच्या खोल्या दक्षिणेला, आणि तंदूर एकाच सामाईक दालनात, धुराड्यासह.

रानवाटा यांना माझे उत्तर असे की, हिरवे झाड मला नकोच आहे. राज्याचे वन विकास महामंडळ वाळलेली आणि उन्मळलेली झाडे काढून लिलावात विकते. तो मार्ग कायदेशीर आहे. पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळयाही मिळतात, आणि १०० वर्षे वाळलेले ते लाकूड नव्यापेक्षा सरस असते. आगीसाठी एका मोठ्या इमारतीऐवजी अंतर सोडून तीन लहान इमारती बांधता येतील. जाड तुळई मिनिटाला पाऊण मिलिमीटरपेक्षा कमी वेगाने कोळसा होत जाते आणि आतला गाभा बराच वेळ भार पेलतो. उघडे पोलाद मात्र तापले की वाकते.

रानवाटा

गाभा टिकतो हे खरे, पण धुराने गुदमरणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही. प्रत्येक निजायच्या खोलीतून थेट बाहेर पडता येईल असे दुसरे दार आराखड्यात आहे का, ते आधी सांगा.

जुन्या तुळयांबद्दल तर माझा विरोध वाढतोच. गावातले घर पाडले जाते, कारण त्याची दुरुस्ती परवडत नाही; गिऱ्हाईक दारात उभे राहिले की पाडण्याचा मोह आणखी वाढतो. तुमच्या गटाकडे पैसे आहेत, तर नवी इमारत बांधण्याऐवजी गावातली पडायला आलेली दोन-तीन काठकुणी घरे मालकांकडून लांब मुदतीच्या भाड्याने घ्या. छपराचे पाटीचे दगड बदला, कुजलेल्या तुळया तिथल्याच मिस्त्रींकडून बदलून घ्या, वरच्या मजल्याला आतून लोकर भरा आणि वर्षातले काही महिने शिबिरे घ्या. मालकी गावकऱ्यांचीच राहील. ४० जण एका छताखाली मावणार नाहीत, पण ते मावलेच पाहिजेत अशी अट कुणी घातली आहे?

काष्ठकोन

दुसऱ्या दाराचे बरोबर आहे. ते आराखड्यात घालतो. भाड्याच्या घरांचा प्रस्ताव मी गटापुढे ठेवीन, पण त्याला माझी संमती समजू नये. सामूहिक ध्यानाला एक मोठे दालन लागतेच, आणि चुकीच्या जागी खांब काढून जुन्या घरात ते करणे भूकंपाच्या दृष्टीने नव्या बांधकामाहून धोक्याचे आहे. एका दालनापुरते नवे बांधकाम आणि निवासासाठी दुरुस्त केलेली घरे, अशी वाटणी तुम्हाला मान्य आहे का?

रानवाटा

दालनाचे लाकूड महामंडळाच्या लिलावातले असेल आणि ते घेण्याआधी गावातल्या दुरुस्तीची यादी पूर्ण झाली असेल, तर मान्य आहे. हा क्रम उलटा झाला, तर नाही.